घरातील बुरशीमुळे त्रास होतो असे सांगितले की डॉक्टर विषय उडवून लावतात. काय सांगावे आणि कोणत्या तपासण्या मागाव्यात?

मधुमालती (प्रश्न)

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. गेल्या पावसाळ्यापासून मला रात्री खोकल्याची ढास लागते, पहाटे छातीत घरघर होते, नाक सतत चोंदलेले असते आणि भाजी घेऊन घरी येईपर्यंत धाप लागते. दिवाळीच्या साफसफाईसाठी झोपण्याच्या खोलीतील लाकडी कपाट भिंतीपासून ओढले, तेव्हा मागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली दिसली. कपाटाच्या पाठीमागच्या प्लायवर पांढरट लव आली होती, खालच्या कप्प्यात अंथरलेले वर्तमानपत्र फळीला चिकटून बसले होते आणि आईने दिलेल्या इरकलीचा कुबट वास वारंवार उन्हात टाकूनही जात नव्हता. त्या भिंतीच्या पलीकडे शेजारच्या बिऱ्हाडाची मोरी आहे आणि पाणी रोज येत नसल्यामुळे तिथे भरलेली पिंपे कायम उभी असतात.

माहेरी मंगळवेढ्याला गेले की काही दिवसांत खोकला निम्म्यावर येतो आणि रात्रीची झोप लागते. परत आले की एक-दोन रात्रींत सगळे पूर्ववत होते. ही गोष्ट मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितली, तेव्हा त्यांनी छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला आणि प्रतिजैविकांचा कोर्स देऊन त्यांनी मला परत पाठवले. त्यानंतर ज्या तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी माझे वाक्य पूर्ण होण्याच्या आतच विचारले, “सोलापूरच्या हवेत कसली आली बुरशी? तुम्ही काय कोकणात राहता?” मोबाइलमध्ये काढलेला भिंतीचा फोटो त्यांनी पाहिलाच नाही. मग माझ्याकडे न बघता यजमानांना विचारले की घरी काही ताणतणाव आहे का, आणि माहेरी बरे वाटते म्हणजे आजार कुठला आहे ते उघड आहे, असे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. यजमानांना सुरुवातीला ते पटलेही होते. कपाट ओढल्यावर त्यांचे मत बदलले.

माझी विचारणा अशी आहे की भिंतीवरच्या बुरशीमुळे खरोखर असा आजार होतो का, होत असल्यास तो कोणत्या तपासणीत दिसतो, आणि डॉक्टरांसमोर हा विषय कसा मांडावा म्हणजे ते किमान ऐकून तरी घेतील? इंटरनेटवर लघवीतील बुरशीचे विष मोजणाऱ्या महागड्या तपासण्यांच्या जाहिराती दिसतात. त्या कराव्यात का, हेही कृपया सांगावे.

स्टेथो

मधुमालतीताई, मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. तुम्हाला तपासलेले नसल्यामुळे निदान सांगणार नाही, परंतु तुमच्या प्रश्नात जी माहिती आहे ती कोणत्याही छातीच्या डॉक्टरला कान टवकारायला लावणारी आहे. रात्री व पहाटे वाढणारा खोकला, घरघर, चोंदलेले नाक, जागा बदलली की उतार आणि परतल्यावर पुन्हा त्रास, हे वर्णन ऐकल्यावर पहिला विचार दम्याचा आणि ॲलर्जीचा यायला हवा. माहेरी बरे वाटते याचा अर्थ सासरचा ताण असा लावण्याआधी, दोन घरांच्या भिंतींत काय फरक आहे हे विचारायला फारसा वेळ लागत नाही.

बुरशी आणि श्वसनाचे आजार यांचा संबंध हा वादाचा विषय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा, घरघर, खोकला व श्वसनमार्गाचे संसर्ग यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद केले. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन जवळपास हाच निष्कर्ष काढला होता.

सोलापूर कोरडे आहे म्हणून इथे बुरशी नाही, हे विधान तर तपासण्याच्या लायकीचेही नाही. बुरशीला शहराच्या पर्जन्यमानाशी काही देणेघेणे नसते. तिला ओला पृष्ठभाग आणि खायला काहीतरी लागते. कागद, प्लाय, कापड, रंगातील चिकट द्रव्य, भिंतीवरची धूळ यांवर ती आनंदाने वाढते. बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना कपाटामागची भिंत महिनोन् महिने ओली राहू शकते, कारण तिथे ना ऊन पोहोचते ना वारा.

आता आजारांविषयी. बुरशीमुळे होणारे छातीचे विकार ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात आणि तिघांचा तपास वेगळा असतो, म्हणून “बुरशीची तपासणी करा” एवढे म्हणून काम भागत नाही. सर्वांत सर्रास आढळणारा प्रकार म्हणजे ॲलर्जीची सर्दी आणि दमा. यात एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो, त्यामुळे स्वच्छ एक्स-रे दाखवून दमा नाही असे म्हणता येत नाही. यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. यंत्रात जोराने फुंकून घेतात, मग श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात आणि दोन्हींतील फरक पाहतात. दुपारी बारा वाजता, बरे वाटत असताना केलेली स्पायरोमेट्रीसुद्धा सामान्य येऊ शकते, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. म्हणून मी पीक फ्लो मीटर नावाचे छोटे उपकरण घ्यायला सांगतो. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी फुंकून आकडा लिहून ठेवायचा. सोलापूरच्या घरी काही दिवस आणि मंगळवेढ्याला गेल्यावरही तसेच. दोन गावांच्या आकड्यांत ठळक फरक दिसला, तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवल्यावर “मनाचे आहे” हे वाक्य उच्चारणे अवघड जाते. त्याच्या जोडीला ॲलर्जीची त्वचाचाचणी किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिद्रव्य) तपासणी करता येते आणि तीत ॲस्परजिलस, अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम या बुरशींचा समावेश आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे. काही पॅकेजांमध्ये धूळकिडे, झुरळ आणि परागकण एवढेच असते.

दुसरा प्रकार दम्याच्याच रुग्णांत आढळतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र होते की श्वासनलिकांमध्ये घट्ट कफाचे गठ्ठे अडकतात आणि कालांतराने त्या कायमच्या रुंदावतात. याला एबीपीए म्हणतात. इंग्लंडमध्ये १९५२ साली त्याचे पहिले वर्णन झाले असले, तरी चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील छातीविकार विभागाने यावर जगाने दखल घ्यावी असे काम केले आहे. इथे पहिली तपासणी ॲस्परजिलसविरोधी आयजीईची करतात, त्यासोबत एकूण आयजीई आणि रक्तातील इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी पाहतात आणि गरजेनुसार छातीचा सीटी स्कॅन काढतात. एकूण आयजीईची निदानासाठीची मर्यादा पूर्वी १,००० धरली जात असे. २०२४ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय निकषांत ती ५०० वर आणली आहे. जुन्या रिपोर्टवर “मर्यादेपेक्षा कमी” असा शेरा असेल, तर तो आकडा पुन्हा पाहून घ्यावा.

तिसरा प्रकार फुप्फुसाच्या आतल्या पेशीजालाचा दाह, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. बुरशी, जिवाणू किंवा पक्ष्यांची विष्ठा-पिसे यांचे सूक्ष्म कण वारंवार श्वासात गेल्याने तो होतो. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, कणकण, कोरडा खोकला आणि धाप, असे त्याच्या तीव्र रूपाचे वेळापत्रक असते; दीर्घकालीन रूप मात्र गुपचूप वाढते आणि दम लागणे एवढेच लक्षण दिसते. यात आयजीई वाढलेले असेलच असे नाही, त्यामुळे “ॲलर्जीची तपासणी निगेटिव्ह आली” म्हणून हा आजार नाकारता येत नाही. त्यासाठी एचआरसीटी (फुप्फुसांचा अधिक बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुप्फुसाच्या क्षमतेची सविस्तर तपासणी लागते. तुमच्या वर्णनात हा आजार मला पहिला वाटत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये कुलर सुरू झाल्यावर त्रासाचे स्वरूप बदलले का, याचा विचार करून ठेवा. भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली होती आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना हाच आजार होता, आणि त्या रुग्णांपैकी ४८.१ टक्के लोकांच्या घरी किंवा कामाच्या जागी कुलर असल्याचे आढळले. कुलरनेच आजार झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण सोलापूरसारख्या गावात छातीच्या रुग्णाला कुलरविषयी न विचारणे हा निष्काळजीपणा ठरतो.

डॉक्टर हा विषय उडवून का लावतात, याचे एक कारण वेळ हे आहेच. ओपीडीत रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात. पण त्याहून मोठे कारण शिक्षणात आहे. आपल्याकडे खोकला म्हटले की क्षयरोग डोळ्यांसमोर येतो आणि तो नाही म्हटल्यावर कुतूहल संपते. शिवाय २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आल्यापासून काळी बुरशी म्हटले की लोकांना आणि काही डॉक्टरांनाही तेवढेच आठवते. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी आणि म्युकर या वेगळ्या गोष्टी आहेत. “तुम्हाला म्युकर नाही, निश्चिंत राहा” हे उत्तर तुमच्या प्रश्नाचे नाही.

डॉक्टरांसमोर जाताना “मला बुरशीचा आजार झाला आहे” अशी सुरुवात करू नका. निदान रुग्णाने आणले की बऱ्याच डॉक्टरांचा अहंकार जागा होतो. हे योग्य नाही, पण तसे घडते. त्याऐवजी त्रास कधी सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो, घर सोडल्यावर किती दिवसांत कमी होतो आणि परतल्यावर किती वेळात उलटतो, हे अर्ध्या पानावर लिहून न्या. भिंतीचा फोटो छापून त्याच कागदाला जोडा. आणि शेवटी थेट विचारा: “डॉक्टर, हा दमा नाही असे तुम्ही कोणत्या तपासणीवरून ठरवले?”

यंत्रमागाघरची

स्टेथो यांनी क्षयरोगाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमचे घर पूर्व भागात आहे. खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी आमच्याकडे अनेकांची घरे असतात. मागाच्या खोलीत हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून तिथे मुद्दाम ओलावा राखतात. जमिनीवर पाणी मारतात, खिडक्या लावून घेतात. सुताला दिलेली खळ म्हणजे पिठूळ पदार्थच, त्यामुळे कोपऱ्यात पडलेल्या ओलसर बाचक्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. सोलापूरची हवा कोरडी असल्याचे सांगणाऱ्या डॉक्टरांना एकदा त्या खोलीत उभे करायला हवे.

माझ्या वडिलांना दमा होता. पुढे कफातून तपकिरी गोळ्यांसारखे काहीतरी पडू लागले, वजन उतरले आणि एक्स-रेमध्ये सावली दिसली. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरीही सावली आहे एवढ्यावरून क्षयाची औषधे सुरू झाली आणि सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला. उतार पडला नाही, तेव्हा औषधे वाढवण्याची भाषा सुरू झाली. माग बंद असला की वडिलांचा खोकला कमी होतो, हे आई प्रत्येक भेटीत सांगत असे आणि प्रत्येक भेटीत तिला “तुम्ही बाहेर थांबा” असे उत्तर मिळत असे. शेवटी पुण्याला दाखवले. तिथे विशिष्ट आयजीई आणि सीटी झाल्यावर एबीपीएचे निदान झाले, स्टेरॉइड व इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले आणि सावली विरत गेली. जी वाहिनी कायमची रुंदावली होती ती मात्र तशीच राहिली. तो उशिराचा हिशेब आहे.

दमा असलेल्या माणसाला क्षय होत नाही असे माझे म्हणणे नाही. पण थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आहे आणि जुना दमा आहे, अशा वेळी क्षयाच्या गोळ्या हाती देण्यापूर्वी ॲस्परजिलसची रक्ततपासणी करून घ्या, असा आग्रह ताई, तुम्हीच नव्हे तर घरातल्या कोणीही धरावा. सोबत गेलेल्या बाईमाणसाचे बोलणे डॉक्टर ऐकत नसतील तर लेखी द्यावे. माझ्या आईने अखेरीस तेच केले होते. वहीच्या पानावर मराठीत लिहिलेला तो मजकूर पुण्याच्या डॉक्टरांनी फाइलला लावून घेतला.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे. वैद्यकीय बाजू जाणकारांनी मांडली आहे, म्हणून भिंतीपुरते बोलतो, कारण भिंत ओली असेपर्यंत औषध घेणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे.

ओल कुठून येते ते आधी ठरवावे लागते. भिंतीचा एक हातभर भाग कोरड्या कापडाने पुसून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडील बाजूवर दव जमले असेल तर खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर ओली होते आहे. भिंतीकडील बाजू ओली असेल तर पाणी भिंतीच्या आतून येते आहे. तुमच्या वर्णनावरून, कमरेइतकी उंची आणि पलीकडे मोरी, हे दुसरेच असण्याची शक्यता जास्त आहे. मोरीच्या फरशीचे सांधे, भिंतीतला जुना जीआय पाइप आणि फरशी व भिंत जिथे मिळते तो कोपरा, या तीन ठिकाणी बहुतेक वेळा दोष सापडतो. हा दोष पलीकडच्या बाजूने दुरुस्त करावा लागतो. तुमच्या बाजूने वॉटरप्रूफ पुट्टी लावून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे येतात आणि त्यामागे बुरशी वाढतच राहते. घरमालकांना मात्र हाच उपाय सर्वांत आवडतो, कारण तो एका दिवसात उरकतो आणि फोटोत छान दिसतो.

दुरुस्तीनंतर भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात, तोवर कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बुरशीचा भाग साधारण दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर तो घरी स्वच्छ करता येतो, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन आहे. त्यासाठी साबणाचे पाणी आणि घासणी पुरते. कोरड्या झाडूने झटकू नये, कारण त्यामुळे बीजाणू खोलीभर पसरतात. आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये, करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जीला पुरेशी असते, म्हणून फवारा मारून ती तिथेच ठेवण्यात अर्थ नाही. प्लायला लव धरली असेल तर ती पाठीमागची फळी बदलूनच टाका.

घरमालकाशी बोलताना “तुम्हीच घरात कपडे वाळत घालता” हे ऐकायची तयारी ठेवा. हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असे समजू नका. इंग्लंडमधील रॉशडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच घरातील बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना तिच्यावर रंग मारायला सांगण्यात आले होते; कुटुंबाच्या राहणीमानामुळेच बुरशी येते असेही गृहीत धरले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील मृत्यू-चौकशीत, घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने मृत्यू झाल्याचे स्पष्ट झाले. त्याच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहनिर्माणाला (सरकारी वा संस्थांच्या भाड्याच्या घरांना) लागू आहे आणि ओल-बुरशीची गंभीर तक्रार आल्यास घरमालक संस्थेला दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावी लागते. आपल्याकडे भाडेकरूसाठी ओल-बुरशीपुरता असा वेगळा कायदा नाही. ज्यांनी नवे घर विकत घेतले आहे त्यांच्यासाठी मात्र रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमात तरतूद आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या नव्या फ्लॅटला ओल धरली असेल, तर तोंडी बोलण्यात वर्षे घालवू नका.

शंकेखोर

वरील बहुतेक मजकुराशी सहमत आहे, परंतु एक बाजू मांडली गेली नाही. डॉक्टरांनी हेटाळणी केलेला रुग्ण इंटरनेटवर जातो आणि तिथे त्याला दुसऱ्या टोकाचे लोक भेटतात. त्यांच्या मते थकवा, विसरभोळेपणा, सांधेदुखी, चिडचिड, केस गळणे या सर्वांचे मूळ बुरशीच्या विषात असते आणि त्यावर शरीरशुद्धीची महागडी पॅकेजे असतात. स्टेथो यांनी २००४ च्या ज्या अहवालाचा उल्लेख केला, त्यातच थकवा किंवा मज्जासंस्थेच्या तक्रारींबाबत पुरेसा पुरावा नसल्याचेही म्हटले आहे. लघवीतील बुरशीचे विष मोजून आजाराचे निदान करण्याची पद्धत प्रमाणित नाही आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा कोणत्याही चाचणीला मान्यता दिलेली नाही. ताईंनी त्यावर एक रुपयाही घालवू नये. तसेच घरातील हवेचे नमुने घेऊन बुरशीची गणना करून देणाऱ्यांपासूनही सावध राहावे. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थाही नेहमीच्या पाहणीसाठी अशी नमुना-तपासणी सुचवत नाही. भिंतीवर दिसते आहे, वास येतो आहे, एवढे पुरेसे आहे.

मला आणखी एक म्हणायचे आहे. ताण आहे का, हा प्रश्न विचारणे चूक नव्हते. धाप लागणे चिंतेच्या झटक्यातही होते आणि डॉक्टरने ती शक्यता तपासलीच पाहिजे.

मधुमालती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंकेखोर, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त तो माझ्या बाबतीत घडला त्याहून वेगळा आहे. ताणाचा प्रश्न मला विचारला असता तर मी उत्तर दिले असते. तो यजमानांना विचारला गेला आणि त्यानंतर फुंकण्याची तपासणी किंवा रक्ततपासणी काहीच झाले नाही. ती शक्यता तपासली गेली नाही, इतर सगळ्या शक्यता बंद करण्यासाठी वापरली गेली. रात्री झोप येत नाही, ती खोकल्यामुळे. त्यावर झोपेची गोळी घेऊन मी त्याच भिंतीशेजारी आणखी गाढ झोपले असते, एवढाच काय तो फरक पडला असता.

फॉइलची चाचणी यजमानांनी केली. भिंतीकडची बाजू ओली निघाली. घरमालकांना फोटोसह लेखी कळवले आहे आणि तूर्त आम्ही पुढच्या खोलीत झोपतो. कुलरचे विचाराल तर आमच्याकडे वाळ्याचे पॅड असलेला जुना लोखंडी कुलर आहे आणि उन्हाळा संपल्यावर तो पाण्यासकट गॅलरीत झाकून ठेवला जातो. त्याचे काय करावे?

आता दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आधीच्या ठिकाणी फक्त एक चिठ्ठी हातात दिली होती आणि केसपेपर मागितला तर “कशाला हवा?” असे विचारले गेले. तो मागण्याचा मला अधिकार आहे का? आणि सर्दीची गोळी रोज चालू आहे, ती तपासणीआधी बंद करावी लागते का?

स्टेथो

केसपेपर मागण्याचा अधिकार आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. कशाला हव्या आहेत हे सांगणे बंधनकारक नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हाही रुग्णाचा हक्कच आहे. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

सर्दीची गोळी त्वचाचाचणीच्या निकालात अडथळा आणते, त्यामुळे ती साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते. नेमके किती दिवस ते औषधावर अवलंबून असते, म्हणून चाचणी करणाऱ्यांना गोळीचे नाव सांगून विचारा. रक्तातील आयजीईच्या तपासणीवर या गोळीचा परिणाम होत नाही. पोटातून घ्यायचे स्टेरॉइड कुणी मध्येच सुरू केले असेल तर ते अवश्य सांगा, कारण त्यामुळे इओसिनोफिल कमी दिसतात आणि एबीपीएचा तपास चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. श्वासातून घेण्याचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. बोलताना वाक्य पुरे होत नाही इतकी धाप, ओठ निळसर होणे किंवा कफातून रक्त, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.

कुलर पाण्यासकट झाकून ठेवणे तर सोडाच, उन्हाळ्यातही त्याची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी आणि कोरडी होऊ द्यावी. दरवर्षी पॅड नवे घालावेत. जुने वाळवून पुन्हा वापरण्याची पद्धत मोडावी. कुलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतील सगळा दमटपणा भिंती शोषून घेतात.

यंत्रमागाघरची

ताई, जाताना जुन्या एक्स-रेचा फक्त रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. वडिलांच्या वेळी पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या फिल्म ओळीने लावून पाहिल्या होत्या आणि सावली जागा बदलते आहे हे त्यांना त्यावरूनच कळले. प्रत्येक रिपोर्टवर मात्र वेगळेच निदान लिहिलेले होते. घरमालकांचे उत्तर काय येते तेही इथे कळवा. आमच्या गल्लीत मोरीचे सांधे नीट भरून देणारे एक जुने गवंडी आहेत, हवे असल्यास त्यांना विचारून ठेवते.